आरतीची वेळ आणि अठरा एमबीचं निमंत्रण

गणपती आठ-दहा दिवसांवर आले, की तुमच्या व्हॉट्सॲपवर निमंत्रणांचा पाऊस सुरू होतो. कुठे उंदीरमामा टुणटुण उड्या मारत येतात, कुठे समईची ज्योत हलते, कुठे वरून झेंडूची फुलं पडतात आणि मग हळूहळू मंडळाचं नाव उमटतं. पाहायला छान वाटतं. मग आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही विषय निघतो, ‘यंदा आपणही असं काहीतरी करू या.’ सगळ्यांच्या नजरा कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडे वळतात आणि काम ठरून जातं.

आमच्या नोएडातल्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मुलांनी चार रात्री जागून सुंदर निमंत्रण तयार केलं, सोसायटीच्या वेबपेजवर टाकलं आणि लिंक ग्रुपवर पाठवली. ती जीआयएफ फाइल होती अठरा एमबीची. ज्यांचे फोन नवे आणि घरात वायफाय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तळमजल्यावरच्या काकूंच्या फोनवर मात्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं. आमच्याकडे आरती काकूच सांगतात, बाकीचे त्यांच्या मागून. त्या वर्षी आरतीची वेळ आठऐवजी साडेसात केली होती आणि ते फक्त त्या हलत्या चित्रात, शेवटची तीन सेकंदं दिसत होतं. काकू नेहमीप्रमाणे आठला आल्या, हातात निरांजनाचं तबक घेऊन. तोवर प्रसाद वाटून झाला होता. ‘असू दे गं, उद्या येईन,’ म्हणून त्या परत गेल्या. मुलांचे चेहरे उतरले ते उतरलेच.

चूक मुलांच्या कलेत नव्हती. डाउनलोड करताना ॲपने जी यादी दाखवली, त्यातलं पहिलं नाव त्यांनी निवडलं, एवढंच. जीआयएफ, एमपी४, वेबपी, एसव्हीजी, लॉटी... ही यादी तुमच्याही समोर कधी ना कधी येणार आहे. निमंत्रण असो, घरगुती व्यवसायाची वेबसाइट असो की बारशाचं स्टिकर. म्हणून आज जरा या डब्यांची ओळख करून घेऊ. कारण फॉरमॅट म्हणजे डबाच. लाडू, लोणचं आणि ताक तुम्ही एकाच डब्यात भरत नाही ना?

वाटाण्याचं रोप आठवा

हलतं चित्र म्हणजे मुळात स्थिर चित्रांची माळ. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली होती. ती चित्रं सलग दाखवली, तेव्हा रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं आणि भांडवल घालणाऱ्यांचा विश्वास बसला. आज तुमचा उंदीरमामा उडी मारतो तो याच युक्तीने.

आता हिशेब करा. ४८० बाय ४८० ठिपक्यांचं एक चित्र म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार ठिपके. सेकंदाला पंधरा चित्रं आणि सहा सेकंदांचं निमंत्रण, म्हणजे नव्वद चित्रं. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरली तरी वीस एमबीच्या वर माल झाला. हा माल दाबून, घडी घालून लहान कसा करायचा, यातच एका फॉरमॅटचा दुसऱ्याशी फरक आहे.

आणि हा बोजा एकट्याचा नसतो. अठरा एमबीची फाइल दोनशे घरांनी एकेकदा उघडली, तर तीन हजार सहाशे एमबी डेटा गेला. फोनमधली जागा हा तर आपल्याकडचा जुनाच आजार. डिसेंबर २०१७मध्ये दिल्लीत झालेल्या कार्यक्रमात गूगलने ‘फाइल्स गो’ हे फोनमधला पसारा आवरणारं ॲप आणलं. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राने बातमी दिली, की भारतीयांचे फोन भरून जायचं एक मोठं कारण आहे रोज सकाळी येणारी ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं! तेव्हा आपली फुलं आणि सूर्योदय दूरवर पोहोचले आहेत.

जीआयएफ : जुना, भरवशाचा, पण जड

जीआयएफ जन्माला आला १९८७ साली, कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत. तो तयार करणारे स्टीव्ह विल्हाइट त्याचा उच्चार ‘जिफ’ करत. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून चित्र पाठवायचं होतं, म्हणून त्यात एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग ठेवले. ती मर्यादा आजही तशीच आहे. त्यामुळे सपाट रंगांचं कार्टून जीआयएफमध्ये छान दिसतं, पण मूर्तीच्या चेहऱ्यावरची समईच्या उजेडाची छटा ठिपक्या-ठिपक्यांची, खरबरीत दिसते.

दुसरी अडचण पारदर्शकतेची. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, अर्धवट काही नाही. म्हणून पांढऱ्या कागदावर काढलेला मोदक केशरी पार्श्वभूमीवर ठेवला, की त्याच्या कडेला करवतीने कापल्यासारखी पांढरी किनार राहते.

तिसरी अडचण वजनाची. समोरच्या चित्रातली वस्तू मागच्या चित्रातल्या वस्तूचीच पुढे सरकलेली आवृत्ती आहे, हे जीआयएफला समजत नाही. बदललेला भाग तो नव्याने साठवतो. फुलं सगळीकडे पडत असतील, तर जवळजवळ प्रत्येक चित्र नव्याने आलं.

मग तो टिकला कसा? कारण तो कुठेही उघडतो. ईमेलमध्ये आजही त्याला फारसा पर्याय नाही. फक्त एक लक्षात ठेवा. विंडोजवरच्या आउटलूकच्या जुन्या आवृत्त्या जीआयएफचं पहिलंच चित्र दाखवतात, पुढचं काही नाही. म्हणून तारीख, वेळ, पत्ता हे सगळं पहिल्याच चित्रात हवं. रिकाम्या पडद्यापासून सुरुवात केली, तर समोरच्याला रिकामा पडदाच मिळेल.

एमपी४ : निमंत्रणासाठी बहुतेक वेळा हाच

व्हिडिओची गंमत अशी, की तो बदल लक्षात ठेवतो. ‘हे फूल होतं तिथून चार ठिपके खाली सरकलं’ एवढीच नोंद केली, की पुढचं चित्र आपोआप उभं राहतं. एमपी४च्या डब्यात बहुतेक वेळा एच.२६४ नावाची पद्धत वापरलेली असते. ती २००३पासूनची आहे आणि जवळजवळ प्रत्येक फोनला येते. फोटोसारखं, भरपूर रंगांचं हलतं चित्र जीआयएफऐवजी एमपी४ केलं, तर वजन बहुधा कित्येक पटींनी उतरतं आणि रंगही सगळे राहतात.

आता एक गुपित सांगते. व्हॉट्सॲपवर जीआयएफ म्हणून जे फिरतं, ते आतून बिनआवाजाचा छोटा व्हिडिओच असतो. तुम्ही जीआयएफ पाठवलात, तरी त्याचा व्हिडिओ केला जातो. म्हणजे आधी २५६ रंगांत चित्र खराब करायचं आणि मग पुन्हा व्हिडिओ व्हायला द्यायचं, असा उलटा घास झाला. त्यापेक्षा सरळ एमपी४ काढा.

वेबसाइटवर व्हिडिओ लावताना मात्र तो बिनआवाजाचा हवा, नाहीतर ब्राउझर तो आपोआप सुरू करू देत नाही. वेबसाइट करणाऱ्याला चार शब्द सांगा : ऑटोप्ले, म्यूटेड, लूप, प्लेजइनलाइन. शेवटचा शब्द विसरला, तर आयफोनवर तो व्हिडिओ पानातल्या पानात चालत नाही. शिवाय आयफोन बॅटरी वाचवायच्या मोडवर असला, तर व्हिडिओ आपोआप सुरूच होत नाही, म्हणून त्यामागे एक स्थिर ‘पोस्टर’ चित्र ठेवायला सांगा. आणि चित्राची रुंदी-उंची सम आकड्यांत ठेवा. ४८० चालेल, ४८१वर अनेक ॲप अडतात.

वेबपी आणि एपीएनजी : पारदर्शक हवं असेल तर

एमपी४ची खोड म्हणजे त्याला पारदर्शक पार्श्वभूमी जमत नाही. बाळाच्या बारशाला पाळणा हलतानाचं स्टिकर करायचंय, मागे चौकोन नकोय? मग वेबपी. गूगलने हा फॉरमॅट २०१०मध्ये आणला. आयफोनच्या सफारीने तो स्वीकारायला २०२० उजाडलं, पण आता सगळ्या मुख्य ब्राउझरना तो येतो. व्हॉट्सॲपची स्टिकर वेबपीमध्येच असतात आणि तिथले नियम पक्के आहेत : ५१२ बाय ५१२ ठिपके, हलत्या स्टिकरचं वजन ५०० केबीच्या आत, लांबी दहा सेकंदांच्या आत.

एपीएनजी हा पीएनजीचा हलता भाऊ. मोझिलाच्या मंडळींनी तो २००४मध्ये सुचवला, पण पीएनजीच्या अधिकृत नियमावलीत त्याला जागा मिळाली ती थेट २०२५मध्ये. एकवीस वर्षं वरातीबरोबर चालून शेवटी पंगतीत पान मिळालं म्हणायचं. त्याच्या कडा अगदी स्वच्छ असतात, पण फोटोसारख्या चित्रात तो जड होतो. दुकानाचा लहानसा हलता लोगो असेल, तर उत्तम.

एसव्हीजी आणि लॉटी : ठिपक्यांची रांगोळी

आतापर्यंतचे सगळे फॉरमॅट चित्र साठवतात. हे दोघे मात्र चित्र कसं काढायचं ते साठवतात. ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक आठवा. ‘सात ठिपके, सात ओळी, हा ठिपका त्याला जोडा.’ तेवढ्या सूचनेवर तुम्ही रांगोळी उंबऱ्यापाशीही काढता आणि मोठ्या अंगणातही. पुस्तक तेवढंच राहतं, रांगोळी हवी तेवढी मोठी होते आणि कुठेही फाटत नाही. एसव्हीजी तसंच आहे. फिरणारं चक्र, टिकमार्क, हलणारी ज्योत, अशी साधी रेखाचित्रं त्यात काही केबींत मावतात.

लॉटी त्याच जातीतला, पण जास्त नखरेल. एअरबीएनबी कंपनीने तो २०१७मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. नाव दिलं लोट्टे रायनिगर या जर्मन कलावंत बाईंचं. त्यांनी १९२६मध्ये कागदाच्या कापलेल्या सावल्या हलवून पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवतात, त्याच कुळातली कला. टेलिग्रामची हलती स्टिकर लॉटीवरच बेतलेली आहेत. तिथे मर्यादा फक्त ६४ केबी आणि तीन सेकंद!

पण सूचना लहान असली, तरी रांगोळी शेवटी फोनलाच काढावी लागते. लॉटीमध्ये शेकडो तुकडे एकदम नाचवले, की साधा फोन गरम होतो आणि चित्र अडखळतं. शिवाय लॉटी चालवायला वेबसाइटवर वेगळा ‘प्लेअर’ लागतो. आणि मूर्तीचा फोटो यात भरायला जाऊ नका. तिथे एमपी४च बरा.

‘श्री’चे तुकडे होऊ देऊ नका

हा भाग मराठी वाचकांनी नीट वाचावा, कारण इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. आमच्या मुलांनी पहिल्या खेपेला ‘अक्षरं एकामागून एक येऊ देत’ असा परिणाम लावला होता. इंग्रजीत तो सुरेख दिसतो. मराठीत मात्र आधी ‘श’ आला, मग पाय मोडलेला लंगडा तुकडा, मग ‘र’, मग लोंबकळणारी वेलांटी. बाप्पाच्या निमंत्रणात ‘श्री’ची ही दशा! देवनागरीत अक्षरं जोडली जातात आणि पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर येऊनही आधी बसते. हे जोडकाम न समजणारी सॉफ्टवेअर अक्षरांची मोडतोड करतात.

यावर तीन उपाय. पहिला, अक्षर-अक्षर नाही, अख्खा शब्द किंवा ओळ एकदम हलवा. दुसरा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सोय चालू करा. आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप यांच्या सेटिंगमध्ये ती असते. तिसरा आणि सगळ्यात पक्का, एसव्हीजी किंवा लॉटी करण्याआधी मजकुराचं रूपांतर रेषांमध्ये, म्हणजे ‘आउटलाइन’मध्ये करून घ्या. मग समोरच्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

दिल्ली-नोएडात आणखी एक गोष्ट होते. डिझाइन करणारा बहुधा हिंदीभाषक असतो. तो मनापासून काम करतो, पण त्याच्या फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात आणि ‘तिसऱ्या मजल्यावर’चं ‘तिसर्या मजल्यावर’ होतं. त्याला दोष देऊ नका. नमुना म्हणून ‘श्री’, ‘ल’, ‘तिसऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे चार शब्द आधी पाठवा आणि ते नीट उमटलेत का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

थांबवता आलं पाहिजे

सरकारी परीक्षेची नोटीस शोधताना कोपऱ्यात लुकलुकणारं लाल ‘न्यू’ तुम्ही पाहिलंच असेल. चार नोटिशींसमोर चार ‘न्यू’ लुकलुकत असले, की खरं नवं कोणतं तेच कळत नाही. सरकारी वेबसाइटसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे दिल्लीच्या लोधी रोडवरच्या एनआयसीने, मार्गदर्शक नियम तयार केले आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३मध्ये आली आणि ती सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहे. ते आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, की मजकुराच्या शेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारं काही असेल, तर ते थांबवायची सोय हवी. आणि कोणतीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये.

दुसऱ्या नियमामागे गंभीर कारण आहे. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा उजेड झपाझप लखलखला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. फटाक्यांचा झगमगाट दाखवायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या घरी फिट येणारं मूल आहे, हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही.

इथेही फॉरमॅटचा संबंध येतो. पानावरचा जीआयएफ बघणाऱ्याला सहज थांबवता येत नाही. व्हिडिओला थांबवायचं बटण देता येतं. एसव्हीजी आणि लॉटी तर फोनच्या ‘हालचाल कमी करा’ या सेटिंगचं ऐकतील अशी रचना करता येते.

मग काय निवडाल?

• व्हॉट्सॲपवर निमंत्रण : एमपी४. सहा ते दहा सेकंद, दोन-तीन एमबीच्या आत.
• स्टिकर : वेबपी, ५१२ बाय ५१२, ५०० केबीच्या आत.
• ईमेल : जीआयएफ, कमी रंग, लहान आकार, सगळी माहिती पहिल्या चित्रात.
• वेबसाइटवरचं मोठं हलतं चित्र : बिनआवाजाचा एमपी४, मागे पोस्टर.
• वेबसाइटवरची लहान रेखाचित्रं : एसव्हीजी. गुंतागुंतीची असतील तर लॉटी.
• लहान आणि पारदर्शक : वेबपी किंवा एपीएनजी.

पाठवण्याआधी एक चाचणी नक्की करा. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि निमंत्रण उघडा. चहा गाळून होईपर्यंत दिसलं नाही, तर फाइल जड आहे. मूळ काम, म्हणजे ज्या ॲपमध्ये चित्र केलं तिथली फाइल, जपून ठेवा. फ्लॅशमध्ये केलेली कितीतरी गोड निमंत्रणं आणि खेळ २०२० संपताना फ्लॅश बंद झालं तेव्हा पडद्याआड गेले. मूळ जवळ असलं, तर उद्याच्या डब्यातही भरता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट कोणताही असो, वेळ, तारीख आणि ठिकाण चित्राखाली साध्या अक्षरांतही लिहा. साधा मजकूर क्षणात उघडतो, शोधता येतो, कॉपी करता येतो आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांना फोन तो वाचूनही दाखवतो.

गेल्या वर्षी मुलांनी तेच निमंत्रण पुन्हा केलं. तीच समई, तीच फुलं, पण एमपी४मध्ये, दोन एमबीच्या आत. ‘श्री’ अखंड आला. खाली दोन ओळींत लिहिलं होतं, ‘आरती संध्याकाळी साडेसात वाजता, क्लब हाउसमध्ये.’ पाठवण्याआधी ते कुणाच्या फोनवर तपासलं असेल, सांगा पाहू? मुलं तळमजल्यावर गेली, काकूंचा फोन मागितला आणि त्यांच्यासमोरच उघडून पाहिलं. काकूंनी दोनदा पाहिलं, मुलांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाल्या, ‘फुलं जरा हळू पडू देत रे.’

मुलांनी फुलं हळू केली. आणि त्या दिवशी सव्वासातलाच काकू तबक घेऊन हजर होत्या.